चूर्णातले शिसे आणि शेतातली माती

कुठल्यातरी चूर्णात शिसे सापडल्याची बातमी येते आणि लगेच दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. एका फळीला आयुर्वेद हा सगळा विषाचा व्यापार वाटतो. दुसरीला ही विदेशी औषध कंपन्यांची चाल वाटते, आणि रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांची औषधे बनवणाऱ्या आयुर्वेदाच्या शाखेत, धातू शोधन-मारण करूनच, म्हणजे शुद्ध करून आणि जाळून भस्म करूनच वापरतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, असे ती सांगते. नाशकात हा वाद जरा जास्तच पेटतो, कारण इथे त्याच्याशी पोट आणि प्रतिष्ठा दोन्ही बांधलेली आहेत. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे म्हसरूळला आहे, पंचवटीत काष्ठौषधींचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, सुरगाणा-पेठ-त्र्यंबकच्या पाड्यांवरून हिरडा, बेहडा, गुळवेल, मुसळी खाली येते, आणि द्राक्षाने हात पोळलेले कितीतरी शेतकरी शतावरी-अश्वगंधेकडे आशेने बघत आहेत. इतके सगळे पणाला लागलेले असताना दोन्ही बाजू वैद्याच्या खलाकडे बोट दाखवून भांडतात. ती वनस्पती ज्या मातीत वाढली, त्या मातीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. निव्वळ वनस्पतींपासून बनलेल्या औषधात शिसे, कॅडमियम, आर्सेनिक किंवा पारा येऊ द्यायचा नसेल, तर लागवडीच्या आधी माती आणि पाणी तपासले पाहिजे, माल कोणत्या प्लॉटमधून किंवा कोणत्या डोंगरातून आला याची नोंद त्याच्याबरोबर शेवटपर्यंत गेली पाहिजे, आणि या तपासणीचा खर्च माल पिकवणाऱ्याने नव्हे, तर विकत घेणाऱ्याने व शासनाने उचलला पाहिजे. कारखान्याच्या दारात होणारी तपासणी हवीच. तिच्यावर भिस्त ठेवून मात्र हा प्रश्न सुटत नाही. नाशिकला तर ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. हेच काम आपण द्राक्षात करून दाखवले आहे.

आधी वादाचे मूळ पाहू. 2004 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास छापून आला. त्यांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. 2008 मध्ये त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेली 193 उत्पादने तपासली आणि प्रमाण पुन्हा पाचातल्या एकाच्या आसपास निघाले. एक बाजू आजही हे आकडे हत्यारासारखे फिरवते, तर दुसरी ते ऐकूनच घेत नाही. दुसऱ्या अभ्यासातला खरा बोलका आकडा दोघांच्याही नजरेतून निसटतो. रसशास्त्रीय औषधांत धातू आढळण्याचे प्रमाण 40.6 टक्के होते. ते अपेक्षितच म्हणावे लागेल, कारण तिथे धातू जाणूनबुजून वापरलेले असतात. पण जी औषधे रसशास्त्रीय नव्हती, त्यांतही 17.1 टक्के औषधांत धातू होते. भस्माचे समर्थन करणाऱ्यांनी या 17.1 टक्क्यांचे उत्तर कुठून आणायचे? शोधन-मारणाचा युक्तिवाद इथे लागूच होत नाही, कारण त्या औषधांत शिसे घालायचे कोणाच्या मनातही नव्हते. ते भेसळीतून आले असेल, दळण्याच्या यंत्रातून आले असेल, वाळवताना बसलेल्या धुळीतून आले असेल किंवा मातीतून. भेसळ पकडता येते, यंत्र बदलता येते, धूळ धुता येते. मुळांनी शोषून पेशींत साठवलेला धातू कितीही वस्त्रगाळ केला तरी चूर्णातच राहतो.

आयुर्वेदाच्या अभिमान्यांना तर माती विसरण्याची मुभाच नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी कोणत्या भूमीतून घ्याव्या हे सांगताना स्मशान, वारूळ, क्षारट जमीन अशा जागा वर्ज्य सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमीच्या प्रकारांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्या आचार्यांकडे शिसे मोजण्याचे उपकरण नव्हते, तरी वनस्पतीचा गुण तिच्या जागेपासून वेगळा काढता येत नाही हे त्यांनी पक्के ओळखले होते. आज त्यांचे नाव घेऊन दुकान चालवणाऱ्याला आपली पुनर्नवा कोणत्या तालुक्यातून आली हे सांगता येत नसेल, तर परंपरेचा आधार नेमका कोण सोडतो आहे?

आता मुळाशी काय घडते ते बघू, कारण दोन्ही बाजूंचे बरेचसे गैरसमज तिथेच आहेत. सगळे धातू सारखे वागत नाहीत. कॅडमियम झाडाला फसवून आत शिरतो. जस्त आणि लोह आत घेण्यासाठी मुळांत जी वाहक प्रथिने असतात, त्यांच्याच वाटेने तो जातो आणि तिथून पानांपर्यंत सहज चढतो. आर्सेनिकचा एक प्रकार स्फुरदाच्या वाटेने जातो. शिसे आळशी आहे. ते बहुतांशी मुळांतच अडकून राहते आणि पानांवर सापडणारे शिसे पुष्कळदा मातीतून चढलेले नसून हवेतून बसलेले असते. त्यामुळे 'माती खराब म्हणजे औषध खराब' हे विधान जसेच्या तसे खरे नाही. अश्वगंधा, पुनर्नवा, मुसळी यांच्यासारख्या मुळांच्या औषधांत शिशाची काळजी जास्त, पानांच्या आणि पाणथळ वनस्पतींच्या औषधांत कॅडमियमची. उंच झाडावरच्या हिरड्याच्या फळाला यातला धोका बराच कमी. शतावरीची मुळे उकडून साल काढतात, तिथे सालीला चिकटलेली माती तरी निघून जाते. ज्या मुळांची साल काढत नाहीत, ती मुळे नीट न धुता दळली तर मातीही औषधात जाते. म्हणजे कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग आणि कोणती जमीन, या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. सरसकट भीती जितकी चूक, तितकाच सरसकट दिलासाही चूक.

धातू वनस्पतीला बदलतातही, आणि याची चर्चा तर जवळजवळ होतच नाही. धातूंचा ताण पडला की झाड आपल्या संरक्षक रसायनांचे उत्पादन कमी-जास्त करते, आणि औषधी वनस्पतीचा गुण बहुतेक वेळा याच रसायनांत असतो. नैराश्यावर वापरल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीला प्रयोगात निकेल दिल्यावर तिची हायपरफोरिन हे गुणकारी रसायन तयार करण्याची क्षमताच गेली आणि हायपेरिसिन हे दुसरे रसायन कितीतरी पटींनी घटले. उलट मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी लावल्या जाणाऱ्या आर्टेमिसियात आर्सेनिकच्या ताणाखाली आर्टेमिसिनिन वाढलेले आढळले आहे. यातला दुसरा निष्कर्ष मला अधिक अस्वस्थ करतो. केवळ क्रियाशील घटक मोजून मालाची प्रत ठरवायची म्हटली, तर दूषित मातीतला माल कदाचित पहिल्या प्रतीचा ठरेल आणि स्वच्छ डोंगरातला दुसऱ्या. अशा बाजारात शेतकऱ्याने कशाच्या मागे जावे?

जलब्राह्मीचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. ती ओलीत, डबक्यांच्या काठाने, नाल्यांच्या बाजूने पसरते. क्रोमियम, कॅडमियम, शिसे ओढून घेण्याची तिची क्षमता इतकी चांगली आहे की दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा वापर करता येईल का, यावर भारतीय शास्त्रज्ञांनी अभ्यास केले आहेत. आणि आपल्याकडे ब्राह्मी दिली जाते ती कोणाला? परीक्षेला बसणाऱ्या मुलांना, स्मरणशक्तीसाठी. शिशाचे सर्वांत मोठे आणि भरून न निघणारे नुकसान लहान मुलाच्या वाढत्या मेंदूचे होते. बुद्ध्यांक, एकाग्रता, वर्तन या सगळ्यांवर ते घाला घालते. बुद्धी वाढावी म्हणून आईने विश्वासाने दिलेल्या चमचाभर चूर्णातून बुद्धी खाणारा धातू जाण्याची शक्यता जरी असली, तरी ती वनस्पती कोणत्या पाण्यावर वाढली हे विचारणे आयुर्वेदद्वेष कसा ठरतो?

नाशिकच्या मातीबद्दल बोलायचे तर एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे: निसर्गाने आपल्यावर बऱ्यापैकी कृपा केली आहे. निफाड, येवला, सिन्नर भागातली काळी जमीन चिकणमातीची, चुनखडीची आणि अल्कधर्मी आहे. अशा जमिनीत शिसे आणि कॅडमियम घट्ट बांधले जातात, झाडाला सहज मिळत नाहीत. शिवाय आपला सगळा खडक बेसाल्टचा. त्यात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असते, त्यामुळे मातीत हे धातू सापडले की लगेच कारखान्यावर आरोप करणे शास्त्रीय नाही. हा प्रतिपक्षाचा भक्कम मुद्दा आहे आणि मी तो पूर्ण स्वीकारतो. पण तो नाशिकच्या एका भागालाच लागू पडतो. घाटमाथ्याच्या बाजूला, इगतपुरी-त्र्यंबक-पेठ-सुरगाण्याकडे, प्रचंड पावसाने धुपलेली लालसर, आम्लतेकडे झुकणारी जमीन आहे. आम्लता वाढली की कॅडमियम मोकळा होतो. म्हणजे ज्या पट्ट्यातून जंगलातली औषधी सर्वांत जास्त येते आणि जिथे नव्याने लागवडीचा आग्रह धरला जातो, तिथली माती धातूंना बांधून ठेवायला सर्वांत कमजोर. तिथे आज कारखाने कमी आहेत, हे सुदैव. पण तिथे उद्या कुठला कचरा टाकला जाईल, कुठले खत जाईल याकडे दुप्पट लक्ष हवे.

काळ्या जमिनीचे संरक्षणही अमर्याद नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडून येणारी नासर्डी टाकळीला गोदावरीत मिळते. पुढे ते पाणी निफाडच्या शेतांकडे आणि नांदूरमध्यमेश्वराकडे जाते. शहराचे सांडपाणी आणि मुलामा देणाऱ्या उद्योगांचे पाणी एकत्र येते तिथे काय काय वाहत असेल, हा प्रश्न नदीकाठच्या शेतकऱ्याने विचारायचा नाही तर कोणी? स्फुरदयुक्त खतांबरोबर कॅडमियम थोडाथोडा दर हंगामात शेतात येतो. युरोपने अशा खतांतील कॅडमियमला कायद्याने कमाल मर्यादा घातली आहे, ती उगीच नाही. द्राक्षबागांत केवडा रोखण्यासाठी वर्षानुवर्षे मारलेल्या बोर्डो मिश्रणातले मोरचूद पानांवरून शेवटी मातीतच उतरते. फ्रान्सच्या जुन्या द्राक्षमळ्यांत तांबे इतके साठले की युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी 28 किलोपेक्षा जास्त तांबे वापरू नये असे बंधन घातले. बाग तोडून त्याच जागी औषधी पीक घेणाऱ्या पिंपळगाव-दिंडोरीच्या शेतकऱ्याला हे कोणी सांगितले आहे का? आणि मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेची धूळ आहेच. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले, पण त्याआधीच्या अनेक दशकांत धुरातून पडलेले शिसे विरून जात नाही, ते मातीच्या वरच्या थरात बसून राहते. कोविडच्या दिवसांत काढ्यासाठी रस्त्याकडेच्या झाडांवरून गुळवेल ओरबाडली गेली, तेव्हा या धुळीचा विचार कोणाच्या मनात आला होता? डांबरी रस्त्यावर वाळत घातलेला माल आजही दिसतो. डोंगरातून निर्मळ आलेली वनस्पती शेवटच्या दोन दिवसांत तिथे मळते.

आता सर्वांत ताकदीचा आक्षेप. लोक म्हणतात, चूर्ण खाऊन खाऊन माणूस किती खाणार? दिवसाला पाच ग्रॅम. भात-भाकरी-भाजी तो अर्धा-पाऊण किलो खातो. मग चिंता अन्नाची करा, औषधाची कशाला? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून गणितच मांडतो. भारतीय आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार वनौषधींत कॅडमियमची कमाल मर्यादा 0.3 पीपीएम, म्हणजे किलोमागे 0.3 मिलिग्रॅम आहे. पाच ग्रॅम चूर्णातून मर्यादेइतका कॅडमियम आला तरी तो दीड मायक्रोग्रॅम होतो, आणि साठ किलोच्या माणसाला दिवसाला सरासरी पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीचे मत आहे. म्हणजे कॅडमियमपुरता आक्षेप रास्त आहे; मर्यादा पाळली तर औषधाचा वाटा नगण्य राहतो. शिशाचे तसे नाही. शिशाची मर्यादा 10 पीपीएम. पाच ग्रॅम चूर्णातून, मर्यादा काटेकोर पाळूनही, 50 मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आहारातल्या शिशासाठी जी संदर्भपातळी धरली आहे, ती बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रीसाठी दिवसाला 8.8 आणि मुलासाठी 2.2 मायक्रोग्रॅम आहे. मुलाला एकच ग्रॅम चूर्ण दिले तरी 10 मायक्रोग्रॅम. शिशासाठी पूर्वी ठरवलेली 'सहन होणारी' साप्ताहिक मात्रा तर तज्ज्ञ समितीने 2010 मध्ये मागेच घेतली, कारण सुरक्षित म्हणावी अशी पातळीच सापडत नव्हती. धान्यातूनही शिसे जाते, हे खरे. पण अन्न खाल्ल्यावाचून माणूस जगत नाही. औषध तो बरे होण्यासाठी घेतो, आणि बऱ्याचदा गर्भारपणात, बाळंतपणात, आजारात घेतो, म्हणजे शरीर सर्वांत नाजूक असताना. एका बाजूने ओझे आहे म्हणून दुसऱ्या बाजूने आणखी घालायला हरकत नाही, हा कुठला न्याय?

याच गणितातून आणखी एक फरक दिसतो, तो वैद्यांना चांगला ठाऊक असायला हवा. चूर्णात वनस्पती अख्खी पोटात जाते. काढ्यात पाण्यात उतरेल तेवढाच धातू येतो, बाकी चोथ्याबरोबर फेकला जातो. वाफेने काढलेल्या सुगंधी तेलात धातू जवळजवळ येतच नाहीत. म्हणून एकाच शेतातला माल एका रूपात धोक्याचा आणि दुसऱ्या रूपात निर्धोक असू शकतो. ही माहिती शेतकऱ्याच्या फायद्याची आहे, आणि तिच्याकडे मी पुन्हा येतो.

'तपासणी तर होतेच की!' असे औषधनिर्माते सांगतात. होते. 2005 मध्ये केंद्राच्या आयुष विभागाने आदेश काढला आणि 1 जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या निव्वळ वनौषधी उत्पादनांसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1, कॅडमियम 0.3 पीपीएम अशा मर्यादाही ठरलेल्या आहेत. चांगल्या कंपन्या कच्चा माल तपासून घेतात, यातही शंका नाही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. तपासणीत नापास झालेला माल जातो कुठे? ज्या व्यापाऱ्याने तो आणला, त्याला तो परत मिळतो. तो जाळून टाकायला त्याला कोण भाग पाडते? सुट्या पुड्या विकणाऱ्या दुकानात कोणी प्रयोगशाळेचा कागद मागत नाही. शिवाय नापास झाला तरी तो कोणत्या शेतातला होता हे कळत नाही, कारण मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीतून आलेली अश्वगंधा काय किंवा पाड्यावरून आलेली मुसळी काय, दहा ठिकाणचा माल एका पोत्यात मिसळून गेलेला असतो. त्यामुळे पुढच्या वर्षी तोच शेतकरी त्याच जमिनीत तेच पीक घेतो, तेही पूर्ण प्रामाणिकपणे. त्याला सांगणारेच कोणी नसते.

त्याच्या हातात सरकारने एक कागद मात्र दिला आहे: मृद आरोग्य पत्रिका. 2015 पासूनची ही योजना चांगली आहे. तिच्यात बारा गोष्टी मोजतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. सामू (आम्ल-अल्क पातळी), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसे नाही, कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही, पारा नाही. तांबे आहे, पण ते कमी पडते का हे बघण्यासाठी, जास्त झाले का यासाठी नव्हे. ज्याला आरोग्य पत्रिका म्हणायचे, त्यात विषाला रकानाच नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टमधल्या शिशाला किलोमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे शेतात काय टाकायचे याची काळजी कायद्याने केली, पण शेतात आधीच काय पडले आहे याची नाही. प्रत्येक शेतात चारही धातू मोजा, असे मी म्हणत नाही. कांद्याच्या, मक्याच्या शेताला त्याची सरसकट गरज नाही. जिथे औषधी वनस्पतीसाठी अनुदान दिले जाते, जिथे खरेदीचा करार होतो, तिथे लागवडीआधी एकदा आणि नंतर दर काही वर्षांनी हे चार रकाने भरले जावेत, एवढेच.

हे अव्यवहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी नाशिकच्याच इतिहासाकडे पाहावे. 2003 साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले. तेव्हाही हेच ऐकू येत होते: ही परदेशी व्यापाऱ्यांची चाल आहे, आमची द्राक्षे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातो आहोत, छोट्या बागायतदाराला तपासण्या परवडणार नाहीत. मग अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेने रेसिड्यू, म्हणजे कीडनाशकांच्या अंशांच्या तपासणीची योजना आणली, पाठोपाठ प्लॉटपासून मालाचा माग ठेवणारे ग्रेपनेट आले, आणि निर्यात करणारा प्रत्येक प्लॉट कृषी खात्याकडे नोंदला जाऊ लागला. नमुना शेतकऱ्याने स्वतः नेऊन द्यायचा नाही, प्रयोगशाळेच्या माणसाने बागेत येऊन घ्यायचा, असा दंडक पडला. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा फटका बसला तेव्हा कंटेनर अडकले, बागायतदारांनी प्रचंड नुकसान सोसले. पण त्यातून नाशिकची द्राक्षे संपली नाहीत. क्लोरमेक्वाटची तपासणी वाढली आणि 'रेसिड्यू फ्री' हा शब्द बांधावरच्या साध्या गप्पांत आला. आज निफाडचा तरुण बागायतदार एमआरएल (अंशांची कमाल मर्यादा) म्हणजे काय हे कृषी पदवीधराच्या तोडीने सांगतो. जे परदेशी ग्राहकाच्या द्राक्षासाठी जमले, ते आपल्याच मुलाच्या ब्राह्मीसाठी जमणार नाही, असे म्हणायला जीभ कशी रेटते? द्राक्षाच्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळा, प्लॉट नोंदणीची सवय, नमुना घेणारी माणसे, सगळे आहे. लागेल ती इच्छा आणि थोडा पैसा.

पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि द्राक्षाचे उदाहरण तिथे तोकडे पडते. निर्यातीचा बागायतदार तपासणीचा खर्च पेलू शकतो. डोंगरातून डोक्यावर भारा घेऊन उतरणारी कोकणा किंवा महादेव कोळी बाई तो पेलू शकत नाही, आणि पेलायची वेळ तिच्यावर आणली तर आपण तिच्या हातची भाकरी काढून घेऊ. नियम कडक झाले की व्यापारी भाव पाडण्यासाठी त्यांचाच वापर करेल, ही भीतीही रास्त आहे. तपासणीची जबाबदारी वर ढकलली पाहिजे, ती याच कारणाने. जंगलातून गोळा होणाऱ्या मालासाठी एकेका बाईचा भारा तपासण्याची गरज नाही. एका पाड्याच्या, एका डोंगराच्या पट्ट्याची माती आणि वनस्पती एकदा नीट तपासून तो पट्टा स्वच्छ म्हणून जाहीर करता येतो. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ औषधी वनस्पतींच्या संवर्धनाला आणि विकासाला पैसा देते. त्याच पैशात ही तपासणी बसवावी. सुरगाण्याच्या माळावरची मुसळी तपासून स्वच्छ निघाली, तर ते तिच्या भावासाठी सर्वांत मोठे प्रमाणपत्र ठरेल. आज तो स्वच्छ माल आणि नाल्याकाठचा माल एकाच दराने तोलला जातो, आणि त्यात नुकसान स्वच्छ माल आणणाऱ्याचेच होते.

ज्या शेतकऱ्याचा अहवाल वाईट येईल त्याचे काय? खरी कसोटी इथे आहे, आणि इथेच वर सांगितलेला काढ्या-तेलाचा फरक कामी येतो. अशा जमिनीत गवती चहा किंवा वाळा लावून त्याचे तेल काढता येते, फुलशेती करता येते, बांबू लावता येतो. चुना आणि सेंद्रिय पदार्थ वापरून आम्ल जमिनीतले धातू काही प्रमाणात बांधून ठेवता येतात. पण त्याच्या जमिनीत विष कोणी ओतले याचा जाब कोण देणार? जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी नियम काढले. संशयित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने ठरावीक काळाने वर कळवायची आहे. नाशिकच्या प्रशासनाने ती यादी करताना औद्योगिक वसाहतींच्या उताराची आणि नासर्डीकाठची शेते वगळू नयेत, ही मागणी आत्ताच, 2027 च्या सिंहस्थाची कामे डोक्यावर असतानाच व्हायला हवी. नदी कुंभासाठी स्वच्छ करायची आणि नदीकाठच्या मातीकडे बघायचेही नाही, असे चालणार नाही.

जपानमधल्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बायकांची हाडे मऊ पडून मोडू लागली, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. कित्येक वर्षे तिथेही चुकीच्याच जागी वाद चालला: बायका नीट खात नाहीत, जीवनसत्त्वे कमी पडतात, हा त्या भागाचा विचित्र रोग आहे. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कामिओका खाणीतला कॅडमियम पाण्यातून भाताच्या खाचरांत आणि तिथून भातात येत होता, हे सरकारने मान्य केले 1968 साली. 1972 मध्ये रोगी उच्च न्यायालयात जिंकले. त्यानंतर खाचरांतली दूषित माती बदलण्याचे काम सुरू झाले, ते 2012 मध्ये संपले. नाशिकची परिस्थिती तोयामासारखी आहे असे माझे म्हणणे नाही. तशी ती होऊ नये म्हणून आत्ता मोजा, असे म्हणणे आहे, कारण माती एकदा बिघडली की ती सुधारायला एका पिढीचे आयुष्य जाते.

पण तोयामाच्या लोकांनी नुकसानभरपाईवर समाधान मानले नाही, ते आपण उचलण्यासारखे आहे. 1972 च्या निकालानंतर कंपनीबरोबर जो करार झाला, त्यात रहिवाशांनी आपल्या पसंतीचे तज्ज्ञ घेऊन खाणीच्या आवारात जावे, तपासणी करावी, आणि त्याचा खर्च कंपनीने द्यावा, हा हक्क त्यांनी मिळवला. ही पाहणी पुढे वर्षानुवर्षे होत राहिली आणि नदीतला कॅडमियम नैसर्गिक पातळीजवळ आला. नासर्डी आणि गोदावरीच्या काठच्या शेतकऱ्यांच्या, औषधी वनस्पती पिकवणाऱ्यांच्या आणि आयुर्वेद महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना सातपूर-अंबडच्या सांडपाण्याचा नमुना स्वतः उभे राहून घेण्याचा असाच लेखी हक्क मिळाला पाहिजे, आणि त्या नमुन्याचा अहवाल काठावरच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर मराठीत लागला पाहिजे.